कुंचीतला वरवंटा

छबुबाई पहिल्यांदा विमानात बसायला निघाली तेव्हा लिंबागणेशच्या आसपासच्या सगळ्या सोयऱ्या-धायऱ्यांनी तिला एकच गोष्ट बजावली, घाबरू नको. बजावणाऱ्यांपैकी विमानात कुणीच बसलेलं नव्हतं, ती गोष्ट निराळी. शेजारच्या बंकटनं तर खुर्चीचा पट्टा कसा बांधायचा हेही करून दाखवलं. बंकटचा स्वतःचा प्रवास बीडच्या कोर्टाच्या पुढं कधी गेलेला नव्हता. छबुबाईनं सगळ्यांचं मुकाट्यानं ऐकून घेतलं. लग्न झाल्यापासून दर दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी आणि कारखान्यावरच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, बाळंत झालेली बाई ती. तिला विमानाचं काय भ्या वाटणार? भीती होती ती लेकीची होती, आणि ती तिनं कुणालाच सांगितलेली नव्हती.

लेक म्हणजे करिष्मा. तीच एक. तिला तोडीवर न नेता आजोळी ठेवून शिकवलं, केजच्या रामेश्वरला दिली. रामेश्वर बेंगलोरला एका कंपनीत मशीनवर कामाला. पोरगी शहरात गेली, फ्लॅटमध्ये राहायला लागली, म्हणून छबुबाईची मान गावात ताठ झाली होती. मग करिष्माला पहिली मुलगी झाली. डॉक्टरांनी जन्मतःच सांगितलं होतं की लेकराच्या काळजाला भोक आहे. तरी सासरच्यांनी हौसेनं तिथंच बारसं केलं. फ्लॅटमध्ये वरवंटा कुठून असणार? मग नणंदेनं लाटण्याला टोपडं घातलं, तेच पाळण्याखालून फिरवलं आणि नाव ठेवून टाकलं.

आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याचा मान असतो. त्याला न्हाऊ घालून कुंची-टोपडं घालतात, हळदी-कुंकू लावतात, बायका तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात आणि मगच खरं बाळ पाळण्यात जातं. बाळ दगडासारखं घट्ट व्हावं, त्याची इडापिडा आधी दगडावर पडावी, असं जुन्या बायका सांगतात. आता ज्याला हसायचं त्यानं हसावं, पण पाळण्यापुढं उभं राहून हसणारं माणूस अजून तरी कुणी पाहिलेलं नाही.

ती मुलगी दोन महिन्यांची होऊन गेली. छबुबाई धावत पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. दुःखानं तिचं डोकं जागेवर नव्हतं. बायका जमलेल्या, करिष्मा भिंतीला टेकून बसलेली, आणि छबुबाईच्या तोंडून निघून गेलं, "लाटण्यावर बारसं उरकल्यावर दुसरं काय व्हणार?"

करिष्मानं नुसतं वर बघितलं. भांडली नाही, रडली नाही. पण त्या दिवसापासून तिचे फोन बदलले. बरी हाईस का, बरी हाय, ठिवते. दुसऱ्यांदा दिवस गेले ते छबुबाईला जावयाकडून कळलं. बाळंतपणाला तर तिला बोलावणंच आलं नाही, केजहून सासू गेली. आई धडधाकट असताना लेकीच्या बाळंतपणाला सासू जाते म्हटल्यावर गाव विचारल्याशिवाय राहतं का? छबुबाई सांगायची, डॉक्टरनं जास्त माणसं नको म्हटलंय. हे सांगताना तिची नजर खाली जायची आणि विचारणारीला उत्तर मिळायचं.

मग मुलगा झाल्यावर करिष्माचा स्वतःहून फोन आला. आवाज कोरडाच होता. "परवा बारसं हाय. ह्यांनी इमानाचं तिकीट काढलंय. तू ये. अन् आपला वरवंटा घेऊन ये. इसरू नको."

छबुबाईला आनंद झाला. बोलावणं आलं याचा आनंद, पण पुरता नाही. कारण बोलावणं आपल्याला आलंय की वरवंट्याला, हे काही तिला नीट कळेना.

वरवंटा तिच्या सासूच्या हातचा. काळा, आखूड, मधोमध झिजून हाताला बसलेला. तोडीला जाताना पाटा जड म्हणून घरीच राहायचा, पण वरवंटा दरसाल बैलगाडीतून जायचा. कारखान्यावर पोचलं की कुठलीतरी सपाट फरशी हुडकायची आणि हाच वरवंटा धरून मिरची-लसूण वाटायला बसायचं. करिष्माच्या बारशाला कोपीत हाच होता. तेव्हाची करिष्माची कुंची ट्रंकेत होती. छबुबाईनं वरवंटा घासून धुतला, देवापुढं ठेवून हळदी-कुंकू लावलं, कुंची घालून हनुवटीच्या जागी बंद बांधले आणि एका लुगड्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवला. विळी, उलथनं, सांडशी, सगळं लोखंड जावयानं फोनवर सांगितल्याप्रमाणं मोठ्या बॅगेत गेलं. दगडाबद्दल त्यानं काही सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं.

"ह्यो धोंडा बी मोठ्या ब्यागंतच टाक की," उत्तरेश्वर, तिचा नवरा, म्हणाला.

"कुंची घातलीय त्याला. लेकराला कुणी टपावर टाकतं का?"

"बरं," उत्तरेश्वर म्हणाला. घरात शेवटचा शब्द नेहमी त्याचाच असायचा आणि तो बहुधा 'बरं' हा असायचा.

संभाजीनगरच्या विमानतळाच्या दारापर्यंत तो तिच्या बरोबर आला. आत त्याला सोडेनात. घरी म्हैस व्यायला झालेली, म्हणून तो आल्या पावली बीडच्या एसटीकडं पळाला. छबुबाई एकटी आत गेली. कोट घातलेल्या मुलीनं मोठी बॅग घेतली, कागद दिला आणि विचारलं, "हातातल्या पिशवीत काही धारदार? लोखंडी?"

"न्हाई," छबुबाई म्हणाली. खरंच तर होतं ते.

मग ती समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली. पिशवी मांडीवर, पदर नीट. आता विमान लागलं की कंट्रोलर पुकारणार, बेंगलोरकडं जाणारी गाडी फलाट नंबर अमुकवर, असा तिचा सरळ हिशोब. आयुष्यभर प्रत्येक स्टँडवर असंच होत आलं होतं. कर्ण्यातून मधूनमधून एक बाई बोलत होती, पण इतक्या गोड आणि इतक्या भराभर की त्यात बेंगलोर होतं की बीड होतं कळायला मार्ग नव्हता. बरोबरची माणसं एकेक करून उठून गेली. छबुबाईला वाटलं, त्यांची गाडी लागली असेल.

शेवटी फरशी पुसणारी बाई तिच्या पायाशी थांबली. "मावशी, मघापासनं बसलाव. कोण्या इमानाला जायचंय?"

"बेंगलोरच्या. लागलं का?"

"अवो, हितं न्हाई लागत इमान. त्या तिकडं तपासणी करून आत जावं लागतंय. पळा लवकर."

छबुबाई पिशवी कवटाळून पळाली.

तपासणीच्या ठिकाणी सगळं भराभर चाललं होतं. मोबाईल तबकात, पिशवी पट्ट्यावर. पिशवी काळ्या खोक्यात शिरताना तिला बरं वाटेना, पण पुढचे-मागचे सगळेच आपापलं सामान तसंच सोडून देत होते. तिला पडद्याआड नेऊन एका वर्दीतल्या बाईनं तपासलं. बाहेर आली तर पट्टा थांबलेला. टीव्हीसारख्या पडद्यासमोर बसलेल्या माणसानं पिशवी माघारी घेतली, परत पुढं सरकवली. पुन्हा माघारी. मग त्यानं दुसऱ्याला हाक मारली. दोघंही वाकून बघायला लागले. छबुबाईला पडद्याचा एक कोपरा दिसत होता. पिवळट-केशरी रंगात कपड्यांच्या घड्या, आणि त्यांच्या मधोमध एक काळाकुट्ट आखूड दांडा.

"यह बैग किसका है?"

रांगेतली सगळी माणसं तिच्याकडं बघायला लागली. कुणीतरी आपलं लेकरू जवळ ओढून घेतलं. "माजी हाय," छबुबाई म्हणाली.

मघाची वर्दीतली बाई पुढं आली. तिनं पिशवी बाजूच्या टेबलावर घेतली आणि छबुबाईला हात न लावता दोन पावलं मागं उभं केलं. आधी हिंदीत विचारलं, मग तिचा चेहरा बघून मराठीत. "मावशी, यात काय आहे? खरं सांगा."

"वरवंटा हाय."

बाईनं हातमोजे चढवले. लुगडं उलगडलं. आतून लाल खणाची कुंची आणि हनुवटीपाशी बांधलेले बंद दिसले तशी ती क्षणभर थांबली. पडद्यासमोरचा माणूसही उठून उभा राहिला. आत काय असेल याची त्या घटकेला कुणालाच खात्री नव्हती, आणि सगळ्यांत जास्त घाबरली होती ती छबुबाईच. बाईनं सावकाश बंद सोडले. काळा दगड निघाला. तिच्या पांढऱ्या मोज्यांना कुंकू लागलं.

"बारसं हाय उद्या. लेकीच्या घरी," छबुबाई सांगायला लागली. "पाळण्यात घालायला..."

"ठाऊक आहे. आमच्या वर्ध्याकडेही करतात." बाईचा आवाज मऊ झाला होता, पण तिनं दगड आपल्या बाजूला ओढून घेतला. "पण हा विमानात नेता येणार नाही, मावशी. हा कुणाच्या डोक्यात घातला तर माणूस जागेवर मरेल."

"मी कावून कुणाच्या डोस्क्यात घालू?"

"तुम्ही नाही घालणार. पण नियम काय माणूस ओळखून करतात का? मोठ्या बॅगेत टाकला असता तर गेला असता. जा, काउंटरवर विचारून बघा. लवकर या. तुमच्या विमानाला फार वेळ नाही."

छबुबाईनं तबकातला मोबाईल उचलला आणि वरवंटा उराशी धरून ती उलटी पळाली. कोटवाली मुलगी आपलं आवरत होती. तिनं तोंड भरून माफी मागितली. विमानतळावर माफी फार छान मागतात, काम तेवढं होत नाही. सामान केव्हाच गेलं होतं, या विमानाचं काउंटर बंद झालं होतं. "तुम्ही उद्याच्या विमानानं जाता का? मी बघते."

उद्याच्या विमानानं गेलं तर बारसं होऊन गेलेलं असणार. छबुबाईनं उत्तरेश्वरला फोन लावला. बीडची एसटी अडूळ गावाच्या पुढं गेली होती.

"उतरतो अन् माघारी येतो," तो ओरडत म्हणाला, गाडीच्या आवाजावर.

"तुमी येस्तवर इमान उडून जाईल."

"मंग ठिवून दी कुणाजवळ तरी."

कुणाजवळ? तिला त्या सगळ्या इमारतीत एक फरशी पुसणारी बाई ठाऊक होती आणि तीही आता दिसत नव्हती. छबुबाई तशीच माघारी तपासणीपाशी आली. वर्दीतल्या बाईनं एका काचेसारख्या पेटीकडं बोट केलं. आत कात्र्या, काड्यापेट्या, सुऱ्या, कुणाचातरी नारळ. "नाहीतर मग इथं टाकायचा, मावशी. दुसरं माझ्या हातात काही नाही. पाच-दहा मिनिटांत ते दार बंद करतील."

छबुबाईनं फोन पुन्हा काढला. जाऊ की राहू, हे आता करिष्मानंच सांगावं. दगड घेऊन राहिलं तर बारसं चुकतं आणि दगड टाकून गेलं तर ज्याच्यासाठी बोलावलं तेच हातात नाही.

करिष्मानं पहिल्याच रिंगला उचलला. "बसलीस का इमानात?"

"न्हाई. वरवंटा नेऊ दीनात, बाई. पेटीत टाक म्हणतेत."

"टाकू नको." करिष्माचा आवाज एकदम चढला. "माय, टाकू नको. तू उद्या ये, परवा ये. एसटीनं ये, रेल्वेनं ये. आमी बारसं थांबवतो. पण त्याच्याबिगर येऊ नको."

"समदे पाव्हणे आलेत ना?"

"येऊ दी. माघारी जातील." आणि मग ती रडायला लागली. इतक्या दिवसांत आईजवळ पहिल्यांदा. "ह्याला बी काय झालं तर? रात-रातभर मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसते. डॉक्टर म्हणतो लेकरू चांगलं हाय. पर तवा लाटण्यावर केलं म्हून ती गेली. तूच म्हणलीवतीस."

छबुबाईला वाटत होतं लेक रुसलीय. रुसवा असता तर काढता आला असता. पोरीनं तो शब्द खरा मानला होता. आपण एका घटकेत तोंडातून टाकलेला शब्द ती इतके दिवस एकटी उरात घेऊन बसली होती, त्याच भीतीत तिनं नऊ महिने काढले होते, आणि त्याच भीतीपोटी आपल्याला हे बोलावणं आलं होतं. छबुबाईला स्वतःची शिसारी आली. हातातल्या दगडाचा भार तिला सोसेना.

आता राहिलं, उद्या दगड घेऊन गेलं, तर बारसं थाटात होईल. लेकही बोलायला लागेल. आणि तो शब्द कायमचा खरा ठरेल.

"मावशी," वर्दीतली बाई हळूच म्हणाली.

"करिष्मा, ऐक," छबुबाई म्हणाली. "तुज्या आदी मला एक पोरगं झालतं."

पलीकडं रडणं थांबलं.

"कारखान्यावर झालतं, कोपीत. त्याचं बारसं ह्याच वरवंट्यावर झालं. समद्या तोडीवाल्या बाया जमल्या, काय बी कमी केलं न्हाई. वरवंटा न्हाऊ घातला, कुंची घातली, पाळण्याखालून फिरवला. जसं पाह्यजे तसं समदं केलं. पोरगं सव्वा म्हैना जगलं. ताप आला. मुकादम म्हणला सकाळी गाडी देतो. सकाळपत्तुर ते ऱ्हायलं न्हाई."

"तू कधी सांगितलं न्हाईस."

"न्हाई सांगितलं."

"मंग मला तसं कावून म्हणलीस?"

"तवा माजी सासू मला म्हणली, तूच धड बंद बांधले न्हाईस कुंचीचे, म्हून गेलं. लई वर्सं मला तसंच वाटायचं. अन् तुजी पोरगी गेली तवा मी बी तेच केलं. कुणाला तरी बोल लावला की माणसाचा जीव जरा हलका व्हतो. माजा झाला, तुजा जड झाला. त्यात खरं काय बी नव्हतं, माय. ती तिच्या काळजाच्या भोकानं गेली. लाटण्यानं न्हाई गेली. तुज्यानं न्हाई गेली."

फोनमध्ये घरातल्या माणसांची बोलणी ऐकू येत होती. कुणीतरी चहाचं विचारत होतं. मग अगदी जवळून तान्ह्याची कुरकुर आली, करिष्मानं त्याला उचलून घेतलं असावं.

"माय," ती म्हणाली. "तू नीघ. आता नीघ. हितं काय सापडंल त्याच्यावर करू."

छबुबाईनं फोन कान आणि खांद्यात धरला. वरवंटा दोन्ही हातांनी पेटीत ठेवला. टाकला नाही, ठेवला. तळाशी टेकेपर्यंत हात सोडला नाही. वर्दीतल्या बाईनं कुंची आणि लुगडं तिच्या पिशवीत भरून दिलं आणि दाराकडं हात केला. तिथं शेवटची पाच-सहा माणसं उरली होती.

छबुबाई चालायला लागली. सासूचा वरवंटा माघारी राहिला याचं दुःख होत होतं, नाही असं नाही. डोळे भरून आल्यामुळं समोरचं दार नीट दिसत नव्हतं. फोन अजून चालूच होता. तिला वाटलं, लेक ठेवायचं विसरली असेल.

"माय," करिष्मानं विचारलं, "त्याचं नाव काय ठिवलतं?"

हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. सासूनं त्या घरात ते नाव बंद केलं होतं. उत्तरेश्वरनंही पुन्हा कधी उच्चारलं नव्हतं आणि तिनं स्वतः ते एकटी असतानाही तोंडावर आणलं नव्हतं. दारातला मुलगा तिकीट मागत होता. छबुबाईनं ते त्याच्या हातात दिलं.

"भागवत," ती म्हणाली.

पलीकडं करिष्मानं फोन जरा बाजूला धरला असावा. ती आता बाळाशी बोलत होती. तुला मामा व्हता रे, भागवत मामा, असं ती त्याला सांगत होती.